रानड्यांचे निबंध : आधार, साक्ष आणि आपण

मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० मध्ये सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून संघटित रूपात उभी राहिली. त्यानंतरच्या काळात आपल्याकडे कविता भरभरून आली, कथा आली, आत्मकथने आली. वैचारिक निबंधही संख्येने कमी आले नाहीत. परंतु कवितेची जितक्या बारकाईने चिकित्सा झाली, तितकी या निबंधांची झाली नाही. निबंधाचा विषय आपल्या जिव्हाळ्याचा असला की आपण त्याला चांगला म्हणतो. तो वाचून वेगळ्या मताच्या एकाही वाचकाचे मत हलले काय, हा प्रश्न आपण विचारत नाही.

या निबंधांचा एक ठरीव साचा झाला आहे. आरंभी कुरआनची एखादी आयत येते, मग सच्चर समितीतील दोन आकडे, मध्ये इक्बालचा एखादा शेर आणि शेवटी राज्यघटनेचे एखादे कलम. आधार चार ठिकाणचे असतात, पण चौघेही एकच वाक्य बोलतात. जो वाचक आधीपासून सहमत आहे तो मान डोलावतो, जो असहमत आहे तो पान उलटतो. पटवून देणे हे निबंधाचे मूळ काम बाजूलाच राहते. अनेक आधार घेऊन पटवून देणारा निबंध कसा उभा राहतो, आणि कोठे कोसळतो, हे पाहायचे असेल तर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या लेखनाइतके उपयुक्त उदाहरण मराठी मुलखात दुसरे क्वचितच सापडेल.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. १८७८ मध्ये बदली होऊन ते न्यायाधीश म्हणून नाशिकला आले. त्याच सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हेही येथे न्यायखात्यात होते. द्राक्षे आणि कांदा यांसाठी निफाडचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. मराठी वैचारिक गद्याच्या चर्चेत मात्र रानडे पुण्या-मुंबईच्या खात्यावर जमा होतात. त्यांचे बरेचसे महत्त्वाचे लेखन इंग्रजीत असल्यामुळे मराठी समीक्षेने त्यांना निबंधकार म्हणून फारसे वाचले नाही, हेही खरे.

पहिला निबंध घेऊ तो १८७० चा, विधवाविवाहाला वेदांचा आधार दाखवणारा. पार्श्वभूमी अशी होती. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. त्यामागे ईश्वरचंद्र विद्यासागरांचे १८५५ चे बंगाली पुस्तक होते, आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी ते मराठीत आणले होते. १८६९ मध्ये मुंबईत एक पुनर्विवाह झाला आणि त्याला हजर राहणाऱ्यांवर बहिष्कार पडला. १८७० च्या मार्चमध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा वाद झाला. निर्णय सुधारकांच्या विरोधात गेला.

रानडे त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. विधवांची दुःखे सांगून वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणणे त्यांना शक्य होते. त्यांनी ते टाळले आणि विरोधक ज्या ग्रंथांसमोर हात जोडतात तेच ग्रंथ उघडले. श्रुती, स्मृती आणि पुराणे यांत विरोध आला तर श्रुतीचे म्हणणे प्रमाण, हा विरोधकांच्याच मीमांसेचा नियम होता. त्या नियमाने पाहिले तर निषेधाची वचने मुख्यतः खालच्या पायरीवरील ग्रंथांत आहेत आणि वरच्या पायरीवरील आधार अनुकूल आहेत, अशी त्यांची मांडणी होती. प्रतिकूल वचन दडवून ठेवायचे नाही, ते समोर आणून त्याचे स्थान ठरवायचे, ही पद्धत विद्यासागरांनी घालून दिली होती. रानड्यांनी ती पुढे नेली.

आपल्या वाचकांना ही रीत परकी वाटणार नाही. कुरआन, हदीस, इज्मा आणि कियास हा प्रमाणांचा क्रम आपल्याकडे मदरशातील विद्यार्थीही जाणतो. एखाद्या रूढीला फिक्हच्या उत्तरकालीन ग्रंथाचा आधार आहे पण कुरआनचा नाही, असा युक्तिवाद जेव्हा आपल्यातील सुधारक करतात, तेव्हा त्यांची पद्धत रानड्यांच्या पद्धतीची सख्खी बहीण असते.

पण या निबंधाने पुण्याचे मत बदलले नाही. यामागे एक कारण निबंधाबाहेरचे आहे आणि त्याचा उच्चार टाळता येणार नाही. १८७३ मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. विधवेशी विवाह करावा असे शास्त्राधाराने पटवून देणाऱ्याने स्वतःवर वेळ येताच कुमारिकेशी लग्न केले, हे विरोधकांनी कधी विसरू दिले नाही. पुढे रमाबाईंना त्यांनी शिकवले, आणि रमाबाईंनी सेवासदनासारखे काम उभे केले, हे सर्व मान्य. तरी निबंधाच्या दृष्टीने धडा स्पष्ट आहे. वाचक तळटीपा तपासण्याआधी लिहिणाऱ्याकडे पाहतो. लिहिणारा हाही निबंधाचा एक आधार असतो, आणि तो ढासळला की वेदवचनेही त्याला सावरू शकत नाहीत.

दुसरे उदाहरण ‘मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष’ या १९०० च्या ग्रंथाचे. इतिहास म्हणून तो परिचित आहे. वस्तुतः ती एक प्रदीर्घ कैफियत आहे. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. सह्याद्रीच्या रानात वणवा पेटावा तशी मराठी सत्ता अचानक भडकली, असा त्यांचा अभिप्राय होता. रानड्यांना हे खोडून काढायचे होते. वणवा नव्हे, ही पेरणी होती, जमीन आधीच तयार झालेली होती, असे त्यांना दाखवायचे होते.

त्यासाठी त्यांनी आधार किती वेगवेगळ्या ठिकाणांहून आणले ते पाहावे. बखरी त्यांनी वापरल्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मराठी बखरींवरील निबंध त्यांनी ग्रंथालाच जोडून दिला. संतांची चरित्रे आणि वाणी ही त्या काळच्या इतिहासकाराला राजकारणाची साधने वाटत नव्हती, ती त्यांनी राजकीय इतिहासात आणून बसवली. पेशव्यांच्या दफ्तरातील रोजनिशा वाचून त्यांवर १९०० मध्येच स्वतंत्र निबंध लिहिला. आणि ज्या ग्रँट डफशी भांडण, त्याच्याच ग्रंथातून घटना व तपशील मोकळेपणाने घेतले. प्रतिपक्षाची माहिती स्वीकारायची आणि त्याचा निष्कर्ष नाकारायचा, हे काम वाटते त्यापेक्षा कठीण आहे. आपण बहुधा उलट करतो. लेखक नावडता असला की त्याची माहितीही नाकारतो, आणि लेखक आवडता असला की त्याचा निष्कर्ष न तपासता उचलतो.

या ग्रंथातील जमिनीच्या मशागतीचे प्रकरण आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. दख्खनच्या सल्तनतींच्या महसुली कारभारात मराठी माणसे होती, सैन्यात मराठे सरदार होते, हे रानडे विस्ताराने दाखवतात. मराठी सत्ता पोकळीतून निर्माण झाली नाही, तिच्या कर्त्यांनी कारभाराचे आणि युद्धाचे शिक्षण या दरबारांतच घेतले, हा त्याचा सरळ अर्थ. संतांच्या प्रकरणात शेख महंमदांचा उल्लेख येतो. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीगोंद्याचे हे संतकवी ‘योगसंग्राम’चे कर्ते. त्यांचे अनुयायी रमजानचे रोजे आणि एकादशी दोन्ही पाळतात, हे रानडे नोंदवतात.

परंतु ही नोंद तेवढ्यावरच थांबते. शेख महंमद येथे एका मुद्द्याचे उदाहरण म्हणून येतात, स्वतः बोलणारा साक्षीदार म्हणून येत नाहीत. याहून मोठी उणीव फारसी साधनांची. आदिलशाही, निजामशाही आणि मोगल यांच्या कारभाराची व इतिहासलेखनाची भाषा फारसी होती. रानड्यांच्या युक्तिवादात फारसी कागद जवळजवळ बोलतच नाहीत. जे काही येते ते ग्रँट डफसारख्यांच्या ओंजळीने. ही बाजू पुढे जदुनाथ सरकारांनी आणि आपल्या मराठीत सेतुमाधवराव पगडी यांनी भरून काढली. पगडी फारसी आणि उर्दू जाणत होते, आणि त्यामुळे त्यांच्या लेखनात शिवकाल दोन्ही तीरांवरून दिसतो. इतिहासाचार्य राजवाड्यांचा रानड्यांशी मतभेद निराळ्या कारणाने होता. संतांनी भूमी तयार केली हे त्यांना मान्य नव्हते, ते श्रेय त्यांनी रामदासांच्या महाराष्ट्रधर्माला दिले. एकाच काळाची साधने वाचून दोन मोठे अभ्यासक दोन टोकांना गेले. आधार म्हणजे आपोआप उगवणारा निष्कर्ष नव्हे, त्यांना प्रश्न कोण आणि कशासाठी विचारतो त्यावर बरेच अवलंबून असते, हे यावरून ध्यानात यावे.

तिसरे उदाहरण १८९९ च्या लखनौच्या भाषणाचे. सामाजिक परिषदेपुढे केलेले हे भाषण लिखित निबंधाच्या शिस्तीचे आहे. सहस्र वर्षांपूर्वीचा हिंदुस्थान कसा होता हे सांगण्यासाठी रानडे साक्षीला बोलावतात ते अल्बेरुनीला. अल्बेरुनीच्या हिंदविषयक अरबी ग्रंथाचा सखाऊ यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एक मुसलमान पंडित, गझनीच्या महमूदाच्या काळातला, संस्कृत शिकून या देशाविषयी लिहितो. त्याने हिंदू विद्वानांच्या अहंतेवर बोट ठेवले, आणि महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळाली हेही लिहिले. एकाच पुस्तकात दोन्ही बाजूंना बोचेल असे सत्य आहे. अशा साक्षीदाराची उलटतपासणी करताना कोणत्याही पक्षाचा वकील अडखळतो.

लखनौच्या त्या सभेत रानड्यांनी मुस्लिम राजवटीमुळे येथील कला, राहणी आणि धर्मविचार यांत काय भर पडली तेही मांडले. अकबराच्या काळातील मेळाचा मार्ग धरावा आणि औरंगजेबाच्या चुका टाळाव्यात, हिंदू आणि मुसलमान एकत्र आल्याशिवाय या देशाची प्रगती होणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. औरंगजेबाचे नाव आले म्हणून आपण दचकावे असे काही नाही. त्याच भाषणात त्यांनी जातिबंधनांवर आणि स्त्रियांच्या अवस्थेवर आपल्या समाजालाही तितकेच ऐकवले आहे. दोष वाटून दिले तर वाचक ऐकतो. माझ्या मते रानड्यांच्या पटवून देणाऱ्या लेखनाचा हा उत्तम नमुना आहे, कारण येथे आधार हे निष्कर्षाचे भालदार-चोपदार म्हणून आलेले नाहीत.

आता रानड्यांच्या विरोधातील सर्वांत प्रबळ साक्ष. ती महात्मा जोतीराव फुले यांची. १८८५ मध्ये रानड्यांनी एका सभेत शेतकऱ्यांची स्थिती तीस वर्षांपूर्वीच्या मानाने सुधारली आहे असे प्रतिपादन केले. जोतीरावांनी त्यावर ‘इशारा’ हे छोटे पुस्तक लिहिले. रानड्यांच्या मताला काहीच आधार नव्हता असे नाही. शेतीच्या प्रश्नावर सार्वजनिक सभेने चौकशा केल्या होत्या. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि त्या कायद्याच्या अंमलबजावणीत रानडे स्वतः न्यायाधीश म्हणून काम करत होते. अहवाल, कायदा, खटल्यांचे कागद, सगळे त्यांच्या हाताशी होते. जोतीरावांचा आक्षेप मुळावर होता. शेतकऱ्याच्या घरात काय शिजते, त्याच्या अंगावर काय आहे, त्याची गुरे कशी आहेत, हे या कागदांत येत नाही. ते त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये एकेक वस्तू मोजून मांडले होते. रानड्यांच्या मांडणीत शेतकरी पक्षकार होता, साक्षीदार नव्हता.

त्याच वर्षी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण रानड्यांकडून जोतीरावांना गेले. जे लोक आम्हांला माणूस म्हणून हक्क देत नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठवले. दलित, ग्रामीण, आदिवासी आणि आपले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन, या सर्वांचे मूळ शोधत मागे गेले की आपण या पत्रापाशी येतो. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच दिवसांत याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. रानडे आणि जोतीराव यांचा तो जुना वाद जणू एकाच शहरात दोन मांडवांत बसला होता. मला येथे दोघांतून एकाची निवड सुचवायची नाही. निबंध लिहिणाऱ्याला दोघेही लागतात. कागद कसा तपासावा हे रानड्यांकडून शिकावे, आणि कागदावर कोण आलेच नाही हे विचारायला जोतीरावांकडून.

आता आपल्या घराकडे वळू. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. पुण्याच्या विधवाविवाहाच्या वादाला त्या महिन्यात शंभर वर्षे होत होती. दलवाईंनी धर्मग्रंथाचा आधार घेण्याचा मार्ग बहुतांशी सोडला आणि घटना व समता यांचा आधार घेतला. पुढे असगर अली इंजिनिअर यांनी कुरआनच्याच आधारे स्त्रीच्या हक्कांची मांडणी केली. दोन्ही पक्षांचे अनुयायी एकमेकांना बराच काळ नावे ठेवत राहिले. श्रद्धावानाला घटनेचे कलम सांगून काय उपयोग, असे एक म्हणे. ग्रंथाच्या चौकटीत शिरलात की मौलवींच्या मैदानात हरलात, असे दुसरा म्हणे.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला, तेव्हा या भांडणाचे एक अनपेक्षित उत्तर मिळाले. बहुमतातील न्या. नरिमन आणि न्या. ललित यांनी घटनेच्या चौदाव्या कलमाचा, म्हणजे समतेचा, आधार घेतला. तिसरे न्या. कुरियन जोसेफ यांनी कुरआनमधील तरतुदी पाहिल्या आणि जे कुरआनशी विसंगत ते शरीयतही नव्हे, असा मार्ग घेतला. दोन निरनिराळ्या आधारांनी निघालेले न्यायमूर्ती एकाच निर्णयाला येऊन मिळाले. एकटा कोणताही आधार त्या दिवशी बहुमत घडवू शकला नसता. २०१९ चा कायदा आणि त्यातील शिक्षेची तरतूद हा निराळा विषय आहे आणि त्यावर मतभेद रास्त आहेत. मुद्दा एवढाच की अनेक आधार म्हणजे एकाच ढोलकीवर अनेक हात नव्हेत. प्रत्येक आधार स्वतःच्या वाटेने चालत आला पाहिजे.

सच्चर समितीच्या अहवालाचे आपण काय केले, तेही पाहावे. नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडलेला हा अहवाल चारशेहून अधिक पानांचा आहे. त्यातील एक आकडा आपल्या प्रत्येक निबंधात असतो. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशांत जातात. ‘मुसलमान मुलांना मदरशांत पाठवतात’ या आरोपाला हे चोख उत्तर आहे, ते दिलेच पाहिजे. पण सहा ते चौदा वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली, हेही त्याच अहवालात आहे. हा आकडा आपल्या निबंधांत फार कमी दिसतो. पहिला आकडा दुसऱ्यांना गप्प करतो, दुसरा आपल्याला कामाला लावतो. गरिबी आणि जवळ शाळा नसणे ही कारणे अहवाल सांगतो, आणि त्यांची जबाबदारी शासनावर आहेच. तरीही मोहल्ल्यातील जमात आणि मुलाचा बाप यांना विचारायचे प्रश्न उरतात. जो निबंध ते विचारतो, त्याने शासनाकडे केलेली मागणीही वाचक अधिक गांभीर्याने घेतो.

आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव घ्या. तेथील यंत्रमागांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, हातमागाचे यंत्रमाग होणे, सूत आणि विजेचे दर, मंदी, हे सारे येते. उद्या एखाद्या तरुणाने मालेगावच्या मजुरांसाठी निबंध लिहायला घेतला तर जनगणना, सच्चर अहवाल आणि कामगार कायदा त्याने रानड्यांसारखे तपासावेत. कारखानदाराचे म्हणणे पूर्ण ऐकावे, कारण सुताचा भाव त्याच्या हातात नसतो हे खरे आहे. मग मागावर बारा तास उभ्या असणाऱ्या माणसाच्या आठवड्याच्या मजुरीचा हिशेब घ्यावा, आणि घरी बसून कांड्या भरणाऱ्या बाईला तिच्या कामाचे काय मिळते ते विचारावे. तिचे नाव बहुधा कोणत्याच वहीत नसते. उर्दू वर्तमानपत्रे आणि मालेगावच्या कवींचे संग्रहही साधनेच आहेत, संतवाणी जशी रानड्यांना साधन वाटली तशी. यांतील प्रत्येक जण निबंधाच्या निष्कर्षाला थोडा थोडा धक्का देईल. तो धक्का खाऊन जे उभे राहील तेच लिहावे.

उर्दू आणि फारसीचा प्रश्नही येथे येतो. रानड्यांच्या युक्तिवादात जी खिडकी बंद राहिली ती उघडण्याची सोय आपल्यापैकी अनेकांच्या घरात होती. आजोबांना उर्दू येत होती, काहींना फारसीही. आपण मराठी माध्यमात शिकलो, मराठीत लिहितो, हे योग्यच झाले. परंतु मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम अभ्यासकांत मूळ फारसी कागद वाचणारे आज किती निघतील? दख्खनच्या इतिहासावर दुसऱ्याने केलेल्या अनुवादावरच विसंबून भांडायचे, तर रानड्यांची उणीव आपण त्यांच्याहून कमी सबबीने पुढे चालवू.

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. त्यांच्या निबंधांतील पुष्कळ मते आज मागे पडली आहेत. इंग्रजी राज्याविषयीचा त्यांचा विश्वास तर आपल्याला चमत्कारिक वाटतो. उरली आहे ती त्यांची न्यायासनावरची सवय. प्रतिकूल साक्ष नोंदवून घ्यायची, तिला उत्तर द्यायचे, आणि मगच निकाल लिहायचा. ही सवय जेथे त्यांनी पाळली ते लेखन अजून वाचवते, जेथे साक्षीदार बोलावायचे राहिले तेथे जोतीरावांनी त्यांना पकडले. आपल्या वार्षिकांकडे वैचारिक निबंध येतात तेव्हा संपादकांनी शुद्धलेखन पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा, अशी माझी सूचना आहे. या निबंधातील कोणता आधार लेखकाला अडचणीचा होता, आणि लेखकाने त्याचे काय केले? उत्तर मिळत नसेल तर निबंध लेखकाकडे परत पाठवावा. त्याला आणखी थोडे हिंडू द्यावे, आणखी दोन माणसांना भेटू द्यावे. अंक एक महिना उशिरा निघाला तरी चालेल.